सावळदऱ्याचं शून्य

१

ही हकिकत सांगितली तर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच कबूल. मुकुंदवाडीत तर कुणी ठेवलेलाच नाही, आणि त्यात मुकुंदवाडीकरांचा काही कसूर नाही. कारण हकिकतीच्या ऐन मधोमध कडुबा जमादार उभे आहेत. पोलिसातून रिटायर होऊन त्यांना जमाना झाला, तरी कन्नडच्या घाटात एका वाघानं आपल्याला सलाम ठोकला होता, हे ते अजून छातीवर हात ठेवून सांगतात. अशा वेळी त्यांची बायको केसरबाई भाजी निवडता निवडता, मान वर न करता एवढंच म्हणते, "वाघ नव्हता तो. होमगार्ड होता."

तर अशा माणसाला चैत्रातल्या एका सकाळी नातीचा फोन आला.

"नाना, आहात तसे या. घंटा चोरीला गेली."

सरिता डोंगराच्या पायथ्याच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. नोकरी कच्ची, दर जूनला नवी ऑर्डर निघाली तर निघाली. गेली दोन वर्षं तिनं एकच ध्यास घेतला होता: चोऱ्यामाऱ्या कुठं जास्त होतात? कॉलेजच्या आवारात, भर शहरात, शहराच्या कडेला की खेड्यात? आवार म्हणून तिनं आपलंच कॉलेज धरलं, शहर म्हणून क्रांती चौक, कडेची वस्ती म्हणून मुकुंदवाडी, आणि खेडं म्हणून कन्नडच्या पुढं घाटाच्या तोंडाशी असलेलं सावळदरा. पोलिसांकडची नोंद घेतली, हजार माणसांमागं किती चोऱ्या ते काढलं, आणि निकाल बघून कॉलेजात सगळ्यांचे चेहरे उतरले. पहिला नंबर कॉलेजचाच. मग क्रांती चौक, मग मुकुंदवाडी. आणि सावळदऱ्यापुढं शून्य. कित्येक वर्षांत एक तक्रार नाही.

मग कॉलेजनं ठरवलं, आपली अब्रू गेली ती गेली, निदान गावाचा सत्कार तरी करू. परिसंवाद ठेवला. गावाला द्यायला पितळी घंटा ओतून घेतली, तांब्याएवढी, पण हातात घेतली की मनगट खाली जावं अशी जड. तीच आता गायब होती.

कडुबा रिक्षातून उतरले तेव्हा विभागप्रमुख शिवराज सर पायरीवरच उभे होते. त्यांनी नमस्कार वगैरे काही केला नाही.

"प्रमुख पाहुणे दुपारी येतील. तोवर घंटा मिळाली नाही तर मी पोलिसात तक्रार देणार. खोलीची किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांचं नाव सगळ्यात वर असेल."

किल्ली सरिताच्या मुठीत होती.

२

सभागृहाला लागून लांब व्हरांडा आणि व्हरांड्याच्या टोकाला ती खोली. टेबलावर नुसतं मखमलीचं कापड पडलं होतं.

"सकाळी मी कुलूप काढलं," सरिता म्हणाली. "इथंच सगळ्यांना चहा दिला. मग लोक सभागृह बघायला उठले, आत-बाहेर चाललं होतं, आणि मी माईकवाल्याकडं गेले. परत येते तर हे."

"फाटकावर?"

"वॉचमननं कुणाला सोडलं नाही. पिशव्या बघितल्या, डिक्क्या बघितल्या, सगळ्या खोल्यांतली कपाटंही बघितली."

"म्हंजी घंटा इमारत सोडून गेली नाय. चहाला कोण कोण व्हतं?"

"शिवराज सर, ते इथंच आवारातल्या क्वार्टरमध्ये राहतात. घंटा बनवणाऱ्या मोनालीताई, क्रांती चौकात दुकान आहे त्यांचं. चहावाला कृष्णा, आपल्या मुकुंदवाडीचा. आणि सावळदऱ्याचे सरपंच तात्यासाहेब, सोबत त्यांच्या चुलती मनकर्णाबाई." बोलता बोलता सरिता थांबली. "नाना, आवार, शहर, कडेची वस्ती आणि खेडं. माझा अख्खा अभ्यास या खोलीत चहा पीत बसला होता हो!"

कडुबांना हसू आलं, पण नातीचे डोळे बघून त्यांनी ते गिळलं. "घसा वाळला," म्हणत ते व्हरांड्यात आले. तिथं भिंतीशी जुना रांजण होता. कूलर आल्यापासून त्याला कुणी विचारत नसे. शिपाई मात्र जुन्या सवयीनं रोज सकाळी गळ्यापर्यंत भरून ठेवायचा. कडुबांनी झाकण काढून पेला बुडवला, तर पाणी भसकन काठावरून त्यांच्या चपलांवर आलं. त्यांनी पेला तोंडाला लावला. थांबले. पुन्हा एक घोट घेतला, जिभेवर घोळवला.

"गोड हाय पाणी," ते म्हणाले आणि झाकण नीट बसवलं.

"पाणी काय पिताय? तपास करा!" शिवराज सर मागं येऊन उभे राहिले होते. "हे बघा, आकडे स्पष्ट आहेत. गावाचं शून्य, म्हणजे ते दोघं सुटले. राहिले चहावाला आणि दुकानवाली."

"आन् तुमी सायेब? आकड्यानं पयला नंबर तुमचाच लागतोय."

सरांचा चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा झाला. "अहो, ते आकडे काय धरता! इथं पोराचं आयकार्ड हरवलं तरी ऑफिस म्हणतं, आधी पोलिसांचा कागद आणा. मग पोरं चोरी झाली म्हणून लिहून देतात. बाहेर सांगू नका हे."

"नाय सांगत," कडुबा म्हणाले, आणि सरितानं ते ऐकलंय याची खात्री करून घेतली.

३

मोनालीताईंना कडुबांनी सगळ्यात आधी समोर बसवलं. चाळिशीची खमकी बाई, हातात दुचाकीची चावी गरगर फिरवत होती.

"मीच ओतून घ्यायची, मीच पॉलिश करायची, मीच आणून द्यायची, आणि परत मीच चोरायची? काका, कुछ तो सोचो."

"रागावू नका, ताई. दुकानात चोरी झाली तर तुमी काय करता?"

"काय करणार? परवा दारातून हेल्मेट गेलं. शिव्या दिल्या आणि नवीन घेतलं. चौकीत जाऊन बसायला वेळ कुणाला आहे?"

"बरं. घंटा वाजती कशी?"

"ती विचारूच नका. सकाळी टेबलावर ठेवताना नुसता हात हलला तर वरच्या मजल्यावरून पोरं धावत खाली आली, तास संपला समजून."

कडुबांनी डोळे बारीक केले. "आन् नंतर?"

मोनालीताईंची चावी थांबली. "नंतर... नंतर वाजलीच नाही. काका, कुणी ती उचलून नेली, आणि ती वाजली नाही?"

कृष्णा चहाचं पिंप धूत होता. "जमादारसाहेब, माझं पिंप उलटं करून बघितलं त्या वॉचमननं. मुकुंदवाडीचा म्हटलं की पहिला हात माझ्याच मानगुटीवर."

"आपल्याकडं कमी चोऱ्या व्हत्यात व्हय रे, क्रांती चौकापेक्षा?"

"कमी कसल्या! चोर धरला की त्याची आई ओळखीची निघते. मग दोन ठेवून द्यायच्या आणि आईला चहा पाजायचा. त्याची कुठं नोंद होते?"

"सकाळी आत काय बघितलंस?"

"काय बघणार? भाकरी! त्या आजींनी गावावरून आणल्या होत्या, ज्वारीच्या, वर ठेचा. आल्या तेव्हा गठुडं छातीशी धरून होत्या. पण वाढायला गेलो तर भाकरी पेपरवर मांडलेल्या. म्हटलं आजी, शाई लागंल. तर म्हणाल्या, खा गप."

तात्यासाहेब सरपंच फेटा बांधून, मिशा पिळून खुर्चीत बसले होते. त्यांच्या मांडीवर घडी घातलेली काळी घोंगडी होती, पाहुण्यांच्या सत्काराला आणलेली.

"गावात कमान बांधलीय जमादार, घंटा टांगाया. जीप सजवून उभी हाय. पोरं लेझीम घेऊन वाट बघत्यात. आता रिकाम्या हातानं गेलो तर तोंड कसं दाखवू?"

"गावात खरंच चोरी व्हत नाय?"

"एकबी नाय!" तात्यासाहेब म्हणाले. पण म्हणताना त्यांनी एकदा दाराकडं बघितलं. दारात त्यांची चुलती उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि तोंड फिरवून व्हरांड्यात निघून गेली.

४

मनकर्णाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. हाडानं दणकट, कपाळावर गोंदण. कडुबा गुडघे कुरकुरवत त्यांच्या शेजारी बसले.

"भाकरी शिल्लक हाय का आजी?"

"आजी कुणाला म्हणतो रं? तुझे दात किती राह्यलेत ते सांग."

"खायापुरते हायेत." कडुबांनी आवाज खाली आणला. "ह्या रांजणाचं पाणी प्यालो मघाशी. खोटं कशाला बोलू, पाण्याला भाकरीची चव लागली."

मनकर्णाबाईंनी एकदा रांजणाकडं बघितलं.

"शिपाई गळ्यापातुर भरतो. म्या पेला बुडवला तर पाणी पायावर. म्हंजी आत काहीतरी बसलंय, जड. घंटा वाजली नाय, कारण तिच्या तोंडात फडकं कोंबलेलं हाय. मौतीच्या दारावरून बैलगाडी जाताना बैलाच्या घंटीत आपण कोंबतो तसं. हे कॉलेजातल्याला सुचायचं नाय, चौकातल्यालाबी नाय. आन् भाकरीचं गठुडं आलं फडक्यात, पर वाढलं पेपरावर. त्या फडक्याचंच पीठ पाण्यात उतरलं." ते थांबले. "आन् आज ह्या रांजणाचं पाणी प्यायला आपण दोघंच उठलो आसू. बाकीच्यांना तो दिसतबी नाय."

मनकर्णाबाई म्हणाल्या, "जमादार व्हतास ते खरं दिसतंय."

"कशापायी केलंत?"

"तुला काय वाटतं, आमच्या गावात चोरी व्हत नाय? व्हती की! कोंबडी जाती, पंपाची वायर जाती, पोरीचे पैंजण जात्यात. पर परत येत्यात." त्यांनी पदर सावरला. "एक घोंगडी असती. चावडीत सगळं गाव जमतं, पाटलापासून गावकुसाबाहेरच्या वस्तीपातुर. एकेकानं ती पांघरायची, एकट्यानं आत जायचं, बाहेर यायचं. ज्याच्यापाशी वस्तू आसंल तो आत ठिवून येतो. कुणी ठिवली ते कुणी इचारायचं नाय. इचारंल तो चोर. चोराला परत माणूस व्हायला एवढी तरी वाट ठिवावी लागती बाबा."

"म्हणून पोलिसात काय जात नाय."

"व्हय. आन् ह्या तुझ्या नातीनं त्याचं शून्य केलं. पोरगी गुणाची हाय, पर तिनं चौकीत इचारलं, चावडीत नाय. आता ती घंटा कमानीला टांगली की बघ. उद्या कुणाची शेळी गेली, तर ती बाई घोंगडी मागंल का? सरपंच म्हणल, गप बस, घंटा जाईल. बोंब मारायचीबी चोरी! मग चोर कायमचाच चोर ऱ्हाईल, आन् आमी घंटा वाजवू. तात्याला समजावून थकले म्या. त्याला कमान दिसती निस्ती."

कडुबांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, "पर घंटा नाय मिळाली तर तक्रारीत माझ्या नातीचं नाव जातंय. तिची नोकरी जाईल."

मनकर्णाबाईंचा हात पदरातच थांबला. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"मग आता रं?"

"आता," कडुबा उठले, "तात्यासायबाच्या मांडीवर घोंगडी हाय."

५

"हे कॉलेज आहे, जत्रा नाही!" शिवराज सर ओरडले. "घोंगडी पांघरून फेऱ्या मारायच्या? मी डॉक्टरेट आहे!"

"नगं तर नगं," कडुबा म्हणाले. "लिवा तक्रार. आवाराच्या नावावर अजून एक चोरी चढंल, एवढंच."

शिवराज सरांनी क्षणभर विचार केला आणि हात पुढं केला. "कुठंय घोंगडी?"

सगळ्यांना सभागृहात भिंतीकडं तोंड करून बसवलं. एकेकानं घोंगडी घ्यायची, व्हरांड्यातून एकट्यानं खोलीत जायचं, परत यायचं. सगळ्यात आधी कडुबा निघाले, तहान लागली म्हणून रांजणाचा तांब्या भरून घेतला, आणि व्हरांडाभर त्यांचा हात असा काही कापला की रांजणापासून खोलीच्या उंबऱ्यापर्यंत सगळी फरशी ओली.

"वय झालं," ते आत येत सगळ्यांच्या पाठींना उद्देशून म्हणाले.

मग मोनालीताई गेल्या, चप्पल वाजवत. कृष्णा गेला, गाणं गुणगुणत. शिवराज सर गेले, घोंगडीत अडखळले आणि आपल्याच डॉक्टरेटला काहीतरी बोलले. तात्यासाहेब फेट्यावरून घोंगडी घेऊन उंटासारखे गेले. सरिता गेली. शेवटी मनकर्णाबाई गेल्या. त्यांना जरा जास्त वेळ लागला, पण म्हातारं माणूस, म्हणून कुणाला काही वाटलं नाही, आणि ओल्या फरशीवर आणखी कसले थेंब गळले तेही कुणाला कळलं नाही.

"घोंगडीची घडी घालून येतो," म्हणत कडुबा पुन्हा खोलीत शिरले. मखमलीवर घंटा होती. त्यांनी तिच्या तोंडातलं ओलं फडकं ओढून काढलं, पिळलं, सदऱ्याच्या खिशात कोंबलं, घोंगडीनं पितळ पुसलं, आणि लोलकाला बोट लावलं.

टण्ण!

वरच्या मजल्यावरून पुन्हा पोरं धावत आली.

६

सगळे खोलीत धावले. तात्यासाहेबांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. कृष्णानं शिट्टी मारली. सरिता खाली बसली आणि तिनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. सगळं इथंच मिटायचं, पण शिवराज सरांनी चष्मा पुसला.

"कोणी ठेवली?"

"सर," तात्यासाहेब अवघडून म्हणाले, "इचारंल तो चोर, असं आमच्यात म्हणत्यात."

"तुमचा कायदा तुमच्या गावात. घंटा मिळाली, उत्तम. पण खोली सरिता मॅडमनी उघडली, चहा झाल्यावर मागं त्याच राहिल्या होत्या. त्यांनीच नेली आणि घाबरून आणून ठेवली, असं मी का धरू नये? जूनच्या ऑर्डरवर मला सही करायची आहे. चोर कोण हे कळल्याशिवाय माझा पेन उघडणार नाही."

सरितानं चेहऱ्यावरचे हात काढले. तिनं खोलीची किल्ली सरांपुढं टेबलावर ठेवली, आणि ते कडुबांना सहन झालं नाही.

"सांगतो," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "कुणाला खरं वाटणार नाय, पर सांगतो. चोर माणूस नव्हताच. हुप्प्या व्हता. डोंगरावरचं वानर."

"काय?"

"ठेच्याच्या वासानं खिडकीतून आलं. बघतंय तर पितळंत दुसरं वानर! लखलखतं! ह्यानं दात दाखवले, त्यानंबी दाखवले. ह्याला वाटलं, पावणा भेटला. उचललं आन् भायरच्या कडुलिंबावर नेऊन बसवलं. डोक्यातल्या उवा बघाया लागलं त्याच्या."

"अहो, पण घंटा वाजली नाही ती?"

"लोलक धरला व्हता ना त्यानं! पावण्याचा हात समजून. वानर लई मायाळू असतं, सायेब." कडुबा आता रंगात आले. "मग इथं एकामागं एक काळ्या घोंगड्या हिंडाया लागल्या. त्याला वाटलं, अस्वलांची वरात आली! घाबरून आलं, पावण्याला जागच्या जागी ठिवलं आन् पसार."

"मी शेपूट बघितली," कृष्णा तत्परतेनं म्हणाला. "ही एवढी."

"मलापण खिडकीत काहीतरी हललंसं वाटलं," मोनालीताई म्हणाल्या, आणि त्यांना ते खरंच वाटू लागलं होतं.

शिवराज सर डळमळले. आवाराच्या नावावर चोरी चढत नव्हती. वानराची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. "हे तुम्ही लेखी द्याल?" त्यांनी विचारलं.

"देतो की! सही करून देतो."

सरिता मात्र आजोबांच्या सदऱ्याकडं बघत होती. खिशाभोवतीचा ओला डाग पसरत पसरत पोटापर्यंत आला होता आणि त्यातून थेंब थेंब पाणी मांडीवर गळत होतं. तिनं ओठ घट्ट मिटले. सरांनी खिशातला पेन काढला, टोपण उघडलं, कोरा कागद कडुबांपुढं सरकवला.

कडुबांनी पेन हातात घेतला.

"ठिव तो खाली," मागून आवाज आला.

मनकर्णाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी एकदा पुतण्याच्या फेट्याकडं बघितलं, एकदा टेबलावरच्या घंटेकडं.

"माफ कर तात्या. लई झालं ह्या जमादाराचं वानर. खोट्या शून्यापायी म्या घंटा पाण्यात घातली, आन् आता खोट्या वानरापायी वर काढू व्हय? ओ सायेब, ती घंटा म्या नेली. ह्या पोरीचा त्याच्यात काय बी संबंध नाय. लिही पोरी, सावळदऱ्याच्या पुढं एक चोरी, माझ्या नावासकट. आन् ए लबाडा, तुझ्या खिशात माझं भाकरीचं फडकं हाय, ते काढ आधी."